मशिदीचा दरवाजा राखणारा पहेलवान : उस्ताद वांग झिपिंग

कुंग फू म्हटलं की आपल्या मुलांना ब्रूस ली आणि जॅकी चॅन आठवतात, नाहीतर डोक्याचं मुंडण केलेले शाओलिनचे भिक्खू. याच विद्येत नाव काढलेला एक मोठा उस्ताद पाच वक्त नमाजी घराण्यातला होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. त्यांचं नाव वांग झिपिंग. जन्म 1881 चा, चीनच्या हबेई प्रांतातल्या त्सांगझोउ गावचा. आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची समाधी आहे, तोच हा हबेई प्रांत.

वांग हुई समाजाचे. हुई म्हणजे चिनी बोलणारे, चिनी पेहराव करणारे मुसलमान. आज त्यांची संख्या एक कोटीहून जास्त आहे. त्सांगझोउमध्ये त्यांची मोठी वस्ती आणि गाव पहेलवानांचं. तिथल्या हुई मोहल्ल्यांत मशीद आणि तालीम यांच्यात फारसं अंतर नसायचं. तानतुई नावाचा लाथांचा एक पाया-अभ्यास हुई लोकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. त्याचे मूळ 28 भाग अरबीच्या 28 हरफांवरून ठेवले होते, असं तिथले बुजुर्ग सांगत आले. याला लेखी पुरावा किती, हा वेगळा प्रश्न. पण अलिफ-बे शिकणाऱ्या पोराला लाथ मारायलाही त्याच हिशेबाने शिकवायचं, ही कल्पना एक मुअल्लिम म्हणून मला फार आवडली.

वांग यांच्या घरात कुस्तीची परंपरा होती. ते एकोणीस वर्षांचे असताना, 1900 साली, परकीयांविरुद्ध बॉक्सर उठाव पेटला. आठ देशांच्या फौजा चीनमध्ये उतरल्या. इंग्रजांच्या बाजूने तिथे गेलेले बहुतेक शिपाई आपले हिंदुस्थानीच होते, हेही लक्षात ठेवायला हवं. उठाव चिरडला गेला आणि त्यानंतर वांग शांदोंग प्रांतातल्या जिनान शहरात आले. तिथे पाणचक्कीचं फिरतं जातं त्यांनी नुसत्या हातांनी थांबवलं आणि ते बघून यांग होंगशिउ या उस्तादांनी त्यांना शागिर्द केलं, असा किस्सा आहे. यांग हे चाछुआनचे जाणकार. लांब पल्ल्याचे ठोसे, उंच उड्या, झपाट्याने बदलणारे पवित्रे अशी ही शैली. तीही हुई मुसलमानांनीच जपलेली. वांग यांच्या अंगात ताकद आधीपासून होतीच. तिला वळण लागलं ते इथे.

शांदोंगमध्ये त्या काळी जर्मनांचा अंमल वाढत होता. त्यांनी छिंगदाओ बंदर घेतलं, रेल्वे टाकली. एका जुन्या मशिदीचे नक्षीदार दरवाजे काही जर्मनांच्या डोळ्यांत भरले आणि ते काढून न्यायचा त्यांचा इरादा झाला. वांग दारात जाऊन बसले. मग जात्याचा भलामोठा दगड उचलण्याची पैज लागली. वांग यांनी तो उचलला आणि दरवाजे जागेवरच राहिले. हुई घरांत हा किस्सा आजही सांगतात. पुढे बीजिंगमध्ये एका रशियन पहेलवानाशी झालेल्या आव्हानाच्याही गोष्टी आहेत. एका माणसाच्या तोंडून एक, दुसऱ्याच्या तोंडून दुसरी. पहेलवानांच्या गोष्टी अशाच वाढतात, आपल्याकडेही वाढतात. दगड किती मणाचा होता यापेक्षा मला त्यांचं दारात जाऊन बसणं मोठं वाटतं.

1928 मध्ये नानजिंगला सरकारी पाठिंब्याने केंद्रीय गुओशू संस्था निघाली. देशभरातल्या युद्धविद्या एका छताखाली आणायच्या, हा हेतू. संस्थेचे प्रमुख झांग झिजियांग हे ख्रिस्ती सेनानी. संस्थेचे दोन विभाग होते, वूदांग आणि शाओलिन. शाओलिन हे नाव बौद्ध मठाचं आणि त्या विभागाचे प्रमुख नेमले गेले वांग, म्हणजे मुसलमान! कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. वांधा झाला तो दुसरीकडेच. दोन्ही विभागांत चढाओढ लागली आणि खुद्द विभागप्रमुखच एकमेकांसमोर उभे ठाकले. वांग यांच्यासमोर होते गाओ झेनदोंग. शेवटी ही विभागणीच मोडीत काढावी लागली. एवढ्या मोठ्या उस्तादांनाही अहंकार सुटला नव्हता, असंच म्हणावं लागेल.

पुढचं आयुष्य शांघायमध्ये गेलं आणि माझ्या मते त्यांची खरी शिकवण इथे दिसते. वांग हाडवैद्य होते. निखळलेला खांदा, मोडलेला हात, मुरगळलेला पाय घेऊन माणसं त्यांच्याकडे यायची. कुठला सांधा कसा निखळतो हे पहेलवानाला ठाऊकच असतं. तो परत कसा बसवायचा, हेही तितकंच शिकायला हवं, असा त्यांचा दस्तूर. आपल्या जुन्या तालमींतले वस्तादही हाड बसवायचे, कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना हे सांगायला नको. 1958 साली त्यांनी 20 व्यायामांचं पुस्तक काढलं. त्यात उड्या नाहीत, ठोसे नाहीत. दुखणी दूर राहावीत आणि माणूस म्हातारपणीही हिंडता-फिरता राहावा, यासाठी सावकाश करायच्या हालचाली आहेत. श्वास सांभाळायचा, सांधे मोकळे ठेवायचे आणि रोज करायचं. कुंग फू या शब्दाचा अर्थच मुळी वेळ आणि मेहनत घालून कमावलेलं कसब. उर्दूत आपण त्याला रियाज म्हणू.

त्यांनी मुलीलाही शिकवलं. वांग जुरोंग हिला तलवार, ठोसे, लाथा सगळं लहानपणापासून दिलं. हे साधं नव्हतं. अशी विद्या मुलांना द्यायची, मुलींना नाही, असं मानणारे उस्ताद तेव्हा पुष्कळ होते. जुरोंग पुढे शांघायमध्ये वुशूची प्राध्यापक झाली.

1960 साली पंतप्रधान चाउ एन लाय ब्रह्मदेशाला गेले तेव्हा सोबतच्या वुशू पथकाचे मुख्य प्रशिक्षक वांग होते. वय ऐंशीच्या घरात. तिथे त्यांनी स्वतः तलवार हातात घेऊन प्रात्यक्षिक दाखवलं.

1973 मध्ये त्यांचा इंतकाल झाला, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी. जुरोंग नंतर अमेरिकेत गेली आणि तिच्या मुलींनी आजोबांची तानतुई, चाछुआन आणि ते 20 व्यायाम अमेरिका-कॅनडातल्या शागिर्दांपर्यंत पोचवले.