रेडिएटरचा बाप : विल्हेल्म मायबाख

मर्सिडीज हे नाव माहीत नाही असा एकही जण आपल्या हॉस्टेलमध्ये सापडणार नाही. 'मेबॅक' म्हटलं की करोडोंची लांबलचक गाडी डोळ्यांसमोर येते. पण हे एका माणसाचं आडनाव आहे आणि त्याचा जर्मन उच्चार 'मायबाख' असा आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? आपल्या पुस्तकात ऑटो सायकल आहे, डिझेल सायकल आहे. मायबाख सायकल नाही. म्हणून मी ठरवलं की या वर्षीच्या अंकात त्याच्यावरच लिहायचं.

विल्हेल्म मायबाखचा जन्म 9 फेब्रुवारी 1846 रोजी जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावी झाला. वडील सुतार. दहा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघंही गेले. पोरका झालेला विल्हेल्म रॉइटलिंगेनच्या 'ब्रुडरहाउस' या अनाथाश्रमात वाढला. गुस्टाव्ह वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने ही संस्था काढली होती आणि तिचा स्वतःचा कारखानाही होता. तिथे तो ड्रॉइंग शिकला. शिक्षण काय ते तेवढंच.

1863 मध्ये त्या कारखान्यावर गोटलिब डाइमलर आला. डाइमलर त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. त्याने या मुलाचा हात ओळखला आणि पुढे जिथे जिथे नोकरी बदलली तिथे तिथे त्याला बरोबर नेलं. 1872 मध्ये दोघं कोलोनजवळच्या डॉइट्झ कंपनीत गेले. निकोलाउस ऑटोची हीच कंपनी. 1876 साली तिथे फोर स्ट्रोक इंजिन तयार झालं. ते उत्पादनासाठी नीट बसवण्यात मायबाखचा मोठा वाटा होता.

1882 मध्ये डाइमलर डॉइट्झमधून बाहेर पडला, पाठोपाठ मायबाखही. कानश्टाटला डाइमलरच्या बंगल्याच्या बागेत एक काचघर होतं, तीच त्यांची वर्कशॉप. रात्रंदिवस आतून ठोकाठोकीचे आवाज यायचे. माळ्याला वाटलं, मालक खोटी नाणी पाडतायत! त्याने पोलिसांना कळवलं. पोलिसांनी धाड घातली, तर आत नुसती अवजारं आणि एक इंजिन.

ते इंजिन मिनिटाला 600 फेरे घ्यायचं. त्या काळची इंजिनं 150-200 फेऱ्यांवर धापा टाकत असत. छोटं, हलकं, पण वेगवान इंजिन, हीच या दोघांची कल्पना. 1885 मध्ये ते लाकडी दुचाकीवर बसवलं, 1886 मध्ये घोडागाडीवर.

आता खरी गंमत सुरू होते. ढोबळ मानाने पेट्रोलमधल्या उष्णतेचा एक तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. बाकीची एक्झॉस्टमधून आणि सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर पडते. इंजिन वेगवान करा, पॉवर वाढवा, की भिंतींवरची उष्णताही वाढते. ती बाहेर काढली नाही तर ऑइल पातळ होतं, पिस्टन फुगतो आणि इंजिन जाम होतं. म्हणजे जास्त पॉवर काढणं हा अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा, ती उष्णता टाकायची कुठे?

सुरुवातीला कार्ल बेंझच्या गाडीत पाणी सरळ उकळू द्यायचे. वाफ उडून जायची आणि वाटेत पाणी भरत राहावं लागायचं. मायबाखने 1889 च्या आपल्या स्टीलच्या चाकांच्या गाडीत वेगळीच युक्ती केली. गाडीची चौकटच पोकळ नळ्यांची होती, तिच्यातूनच त्याने पाणी फिरवलं! छोट्या इंजिनला ते पुरलं. मोठ्याला पुरणार नव्हतं.

मध्येच माणसांचं राजकारण आडवं आलं. 1890 मध्ये डाइमलरची कंपनी भागीदारांच्या पैशावर उभी राहिली. मायबाखला दिलेल्या अटी त्याला पटल्या नाहीत, 1891 मध्ये तो बाहेर पडला. डाइमलरने त्याला गुपचूप पैसे पुरवले आणि कानश्टाटच्या हॉटेल हेर्मानच्या हॉलमध्ये मायबाखचं काम चालू राहिलं. स्प्रे कार्बोरेटर तिथलाच. 1895 मध्ये कंपनीला दोघांनाही परत घ्यावं लागलं.

1897 मध्ये त्याने नळ्यांचा रेडिएटर काढला. मग 1900 साल उजाडलं. मार्चमध्ये डाइमलर वारला. त्याच महिन्याच्या अखेरीस फ्रान्समधल्या नीस इथल्या चढाच्या शर्यतीत कंपनीची उंच, जड फिनिक्स गाडी आपटली आणि ड्रायव्हर विल्हेल्म बाउअर मरण पावला. कंपनी शर्यतींतून बाहेर पडायच्या विचारात होती. पण एमिल येलिनेक या व्यापाऱ्याने उलट मागणी केली: गाडी बुटकी, लांब, हलकी आणि जास्त पॉवरची हवी. त्याने 36 गाड्यांची ऑर्डर दिली आणि नाव ठेवलं आपल्या मुलीचं, मर्सिडीज.

बुटक्या, हलक्या गाडीत पाण्याचं भलंमोठं ओझं कसं चालेल? मायबाखने 6 गुणिले 6 मिलिमीटरच्या 8,070 चौकोनी नळ्या एकत्र सोल्डर करून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. नळ्यांतून हवा जाते आणि नळ्यांमधल्या अरुंद फटींतून पाणी वाहतं. मागे पंखा, म्हणजे गाडी हळू चालली तरी हवा खेचली जाते. पाणी तितकंच, पण हवेला भिडणारा पत्रा कितीतरी जास्त. आधी 18 लिटर पाणी लागायचं, आता 9 लिटर पुरलं. 35 हॉर्सपॉवरची ही गाडी डिसेंबर 1900 मध्ये येलिनेकच्या हाती पडली आणि मार्च 1901 मध्ये नीसच्या शर्यती तिने गाजवल्या. गाडीच्या तोंडावर जाळी असते, हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की तिच्यामागे कुणाचं डोकं आहे हे आपण विचारतच नाही.

हा प्रश्न जुना झाला असं मात्र समजू नका. जगभर हौशी लोक जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये सुबारूचं वॉटर-कूल्ड इंजिन बसवतात. बीटलचं मूळ इंजिन हवेवर थंड होणारं आणि मागच्या बाजूला. त्यामुळे गाडीला रेडिएटरची जागाच नाही! रेडिएटर पुढे ठेवला तर गाडीखालून लांब पाइप न्यावे लागतात. त्यांच्या उंच भागात हवेचा बुडबुडा अडकला की पाणी फिरत नाही आणि इंजिन तापतं. म्हणून टाकी सगळ्यात उंच ठेवायची आणि हवा काढून घ्यायची. मागे ठेवला तर ताजी हवा पोचत नाही, मोठा पंखा लागतो. शिवाय हवा आत येऊन भागत नाही, गरम हवेला बाहेर जायलाही वाट लागते. इंजिन बोल्ट करणं सोपं, थंड ठेवणं कठीण. अशा स्वॅपबद्दल वाचताना मला सारखं वाटतं, हे सगळे मायबाखच्याच टेबलावरचा पेपर पुन्हा सोडवतायत.

मायबाखचं पुढे काय झालं? कंपनीत तो हळूहळू बाजूला पडला आणि 1907 मध्ये त्याने ती कायमची सोडली. तेव्हा तो 61 वर्षांचा होता. पण घरी बसला नाही. 1909 मध्ये काउंट झेपेलिनबरोबर हवाई जहाजांच्या इंजिनांची कंपनी निघाली, तिची तांत्रिक बाजू मुलगा कार्लने सांभाळली. मायबाख नावाच्या आलिशान गाड्या 1921 पासून निघाल्या, त्या कार्लच्या. 1916 मध्ये श्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठाने विल्हेल्मला मानद डॉक्टरेट दिली. सत्तरीच्या माणसाला मिळालेली ही पहिली डिग्री! 29 डिसेंबर 1929 रोजी तो वारला. कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर आहे, तिथेच तोही आहे.

मला या माणसाचं एक फार आवडतं. गाडीचं नाव व्यापाऱ्याच्या मुलीचं, कंपनीचं नाव मित्राचं, सायकलचं नाव ऑटोचं. त्याच्या वाट्याला आला तो न दिसणारा भाग: इंजिन जळून जाऊ नये याची काळजी. पुढच्या वेळी घाटात बोनेट उघडून, वाफा सोडत उभी असलेली गाडी दिसली, तर हसू नका. कॅप मात्र लगेच उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि उसळून अंगावर येतं. गाडी थंड होईपर्यंत अर्धा तास आहेच हाताशी. तेवढ्यात शेजारच्याला ही गोष्ट सांगा.