डॉ. लुडविग गुटमन

१९१७ साली जर्मनीच्या सायलेशिया भागातील एका इस्पितळात पाठीचा कणा मोडलेला एक धिप्पाड खाणकामगार आणण्यात आला. तो सहा आठवड्यांत मरणार, असे डॉक्टरांनी गृहीतच धरले होते. तेथे स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या तरुण लुडविगने त्याचा शेवट जवळून पाहिला. कामगार कणा मोडल्यामुळे मेला नाही. पाठीवरच्या जखमा चिघळून आणि लघवीच्या मार्गात जंतू शिरून तो गेला.

पुढे गुटमन नामवंत मज्जातंतुतज्ज्ञ झाले. ते ज्यू असल्याने नाझी राजवटीत त्यांची नोकरी गेली आणि १९३९ मध्ये बायको व दोन मुलांसह ते इंग्लंडला पोहोचले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडविल येथे जखमी सैनिकांसाठी नवा विभाग उघडला, तो त्यांच्या हाती सोपवण्यात आला.

तुटलेला मज्जारज्जू सांधता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांचा भर शिल्लक ताकदीवर होता. एका अंगावर पडून राहिले की हाडावरची कातडी दबते, रक्त पोहोचत नाही आणि जखम होते. रुग्णाला मात्र काहीच जाणवत नाही. म्हणून दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, प्रत्येकाची कूस बदलायची, असा हुकूम होता. गुटमन रात्री अचानक फेरी मारून ते होते की नाही, हे पाहत. लघवीची नळी निर्जंतुक पद्धतीने घालण्याचे कामही सुरुवातीला ते स्वतः करीत. एवढ्या मोठ्या डॉक्टरने हे हलके काम करावे, याचे इतरांना नवल वाटे. मला तर त्यांची खरी थोरवी इथेच दिसते.

जखमा भरल्या की आराम संपला! उठून बसणे, तोल सांभाळणे, दांड्यांना धरून उभे राहणे, सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन. त्यात खेळ आले. तिरंदाजीने खांदे, दंड आणि धडाचे स्नायू बळकट होतात. शिवाय चाकाच्या खुर्चीतला तिरंदाज धडधाकट माणसाशी बरोबरीने खेळू शकतो. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, स्टोक मँडविलच्या हिरवळीवर सोळा जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. त्यांत दोन महिला होत्या. १९६० मध्ये रोम येथे भरलेल्या स्पर्धेत तेवीस देश उतरले. आज आपण तिला पहिले पॅरालिंपिक म्हणतो.

१९७२ चे पॅरालिंपिक पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्गला झाले. ज्या देशातून गुटमन यांना परागंदा व्हावे लागले, त्याच भूमीवर. १९६५ च्या युद्धात कण्यात गोळी लागलेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर तेथे पोहण्यासाठी पाण्यात उतरले आणि भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळाले. गुटमन तेव्हा हयात होते. १९८० साली ते वारले.