उपवास माझा, दरबार देवाचा

आजचं वाचन: यशया ५८:३-७



आज आधी माझी एक चूक सांगतो आणि मग एका मोठ्या माणसाची गोष्ट.

नोकरीसाठी पुण्या-मुंबईत विखुरलेली आम्ही सातारा-सांगलीकडची काही मुलं दर शुक्रवारी उपवास करतो आणि रात्री ऑनलाइन प्रार्थनेला एकत्र बसतो. मागे एका शुक्रवारीच संकष्टी आली. माझ्या रूममेटचाही उपवास होता. त्याची आई गावी आजारी होती, त्यामुळे दिवसभर तो गप्पच होता. मी लॅपटॉप उघडला तेव्हा त्याने विचारलं, मीपण सकाळपासून उपाशीच आहे, आईसाठी तुमच्यात बसलो तर चालेल का? मी म्हटलं, अरे हे आमच्या मंडळीपुरतं असतं, पुढच्या वेळी बघू. तो बरं म्हणाला आणि चंद्र उगवायची वाट बघत गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी दार लोटून घेतलं आणि तासभर प्रार्थना केली, त्यातली बरीचशी स्वतःच्या प्रमोशनसाठी.

दुसऱ्या दिवशी सांगलीला घरी जाताना एसटी साताऱ्याला थांबली आणि मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. लहानपणापासून चर्चमध्ये त्यांची भजनं गातोय, पण त्या दिवशी त्यांचं साताऱ्यातलं शेवटचं पर्व आठवलं आणि मन खाऊ लागलं.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मणाचं घर, संस्कृतचा व्यासंग, अंगात कविता, आणि एका जागी न टिकणारा स्वभाव. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी गप्पा झाल्या आणि त्याने त्यांना नवा करार दिला. ते वाचू लागले. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरलं ते सोडलंच नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपण अशी साक्ष ऐकली की लगेच हालेलुया म्हणतो. पण त्या दिवशी टिळकांचं काय काय सुटलं ते बघा. जात सुटली, नातेवाईक सुटले. पत्नी लक्ष्मीबाईंना ही गोष्ट नंतर कळली आणि त्यांच्यावर आभाळच कोसळलं. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या, आधी फक्त संसारात. टिळकांच्या देवाकडे त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेने आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

त्या वेळच्या अहमदनगरात टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ज्ञानोदयाच्या मराठी भागाचं संपादन त्यांनी केलं. ख्रिस्ताची गोष्ट त्यांनी कीर्तनात आणली, अभंगात आणली. परक्या चालींवरच्या गीतांऐवजी आपली मंडळी टाळ-मृदंगावर गाऊ लागली, यात टिळकांचा वाटा फार मोठा. त्यांच्या घराचं दारही उघडंच असायचं. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याकडे घरच्यासारखे राहिले.

आणि मग १९१७. वय पंचावन्न, नाव झालेलं, पगार चालू. आमच्या भाषेत सांगायचं तर एकदम सेटल. त्या वेळी टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहायचं ठरवलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताच्या अनुयायांचा हा बंधुसंघ होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, आणि न घेतलेल्यांनाही. ख्रिस्तावर प्रेम आहे पण घर, जात, नाती तोडवत नाहीत, अशा माणसाला टिळकांनी बाहेर उभं केलं नाही. ते तोडणं किती दुखतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

दरबाराला त्यांचा सहवास जेमतेम दोन वर्षं लाभला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

आता आजचं वाचन पुन्हा बघा. यशयाच्या काळातले लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपवास करतो, तू बघत का नाहीस? देव सांगतो, उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच मतलब साधता. त्याला आवडणाऱ्या उपवासात भुकेल्याशी भाकर वाटून खायची असते, निराश्रिताला घरात आणायचं असतं. म्हणजे आपण जे सोडतो त्यातून दुसऱ्यासाठी जागा झाली पाहिजे. टिळकांनी पगार सोडला, तेव्हा साताऱ्यात एक दार उघडलं. मी दोन वेळचं जेवण सोडलं आणि दार लोटून घेतलं.

उपवास या शब्दाचा अर्थच जवळ राहणं. देवाच्या जवळ मी बसणार आणि माझ्याइतकाच उपाशी, माझ्यापेक्षा जास्त काळजीत असलेला माणूस गॅलरीत उभा राहणार, हे कसं चालेल? दरबार माझा नाही. कोणाला बसू द्यायचं हे ठरवायचा अधिकार मला कोणी दिला?

रविवारी रात्री परत आल्यावर मी रूममेटची माफी मागितली. तो हसला, म्हणाला, सोड रे. पुढच्या शुक्रवारी संकष्टी नव्हती, तरी तो दिवसभर जेवला नाही आणि रात्री माझ्या शेजारी येऊन बसला. आमच्या ग्रुपने त्याच्या आईचं नाव घेऊन प्रार्थना केली. तो काही बोलला नाही, फक्त शेवटी हात जोडले. मग दोघांनी मिळून वरण-भात खाल्ला. आईची तब्येत अजून वर-खाली आहे, तुम्हीही प्रार्थनेत आठवण ठेवा.

या आठवड्यात उपवास करणार असाल तर आधी एवढंच बघा: आपण दार लोटल्यामुळे बाहेर कोण राहिलंय?

प्रार्थना: हे प्रभू येशू, आमचा उपवास आमच्यापुरता राहू देऊ नकोस. जे सोडतो त्यातून कोणाला तरी जागा होऊ दे. तुझ्या दरबारात आम्हाला पहारेकरी नको, भाऊबहीण कर. आमेन.