लुई फाव्र
लुई फाव्र (२६ जानेवारी, १८२६ - १९ जुलै, १८७९) हे स्विस अभियंता व बांधकाम कंत्राटदार होते. आल्प्स पर्वतातील गॉटहार्ड रेल्वे बोगद्याच्या बांधकामासाठी ते ओळखले जातात.

सुरुवातीचे जीवन

फाव्र यांचा जन्म जिनिव्हाजवळील शेन-बूर येथे एका सुताराच्या घरी झाला. त्यांनीही सुतारकामच शिकले. पुढे फ्रान्समध्ये काम करताना बांधकामशास्त्र त्यांनी बव्हंशी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले.

गॉटहार्ड बोगदा

उत्तरेकडील गोशेनेन व दक्षिणेकडील आयरोलो ही गावे जोडणाऱ्या सुमारे १५ किमी लांबीच्या बोगद्याचे कंत्राट फाव्र यांना १८७२ मध्ये मिळाले. काम ८ वर्षांत पुरे करणे बंधनकारक होते. ८० लाख फ्रँक अनामत होती आणि विलंब झाल्यास दररोज दंड द्यावा लागणार होता. दोन्ही बाजूंनी, दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांनी छिद्रे पाडून डायनामाइटचे सुरुंग लावले जात. ठिसूळ खडक, पाण्याचे लोंढे आणि ३० अंश सेल्सियसहून अधिक उष्णता यांमुळे काम रेंगाळले.

या घाईची किंमत मुख्यतः इटालियन मजुरांनी मोजली. जुलै १८७५ मध्ये गोशेनेन येथील संपावर सशस्त्र तुकडीने केलेल्या गोळीबारात ४ मजूर ठार झाले. बांधकामाच्या काळात अपघातांत सुमारे २०० मजूर मृत्युमुखी पडले. अस्वच्छतेमुळे पसरलेल्या अंकुशकृमींमुळे अनेकांना रक्तक्षय जडला.

मृत्यू

१९ जुलै, १८७९ रोजी बोगद्याची पाहणी करत असताना फाव्र यांचे आतच आकस्मिक निधन झाले. त्यानंतर सुमारे सात महिन्यांनी, फेब्रुवारी १८८० च्या अखेरीस, दोन्ही बाजूंचे खोदकाम एकमेकांस मिळाले. पाडलेल्या छिद्रातून सर्वप्रथम फाव्र यांचे छायाचित्र पलीकडे देण्यात आले. १८८२ मध्ये बोगद्यातून वाहतूक सुरू झाली. मात्र विलंबामुळे त्यांची कंपनी आर्थिकदृष्ट्या कोलमडली.

नंतरचा काळ

पुढील शतकात वाढलेल्या वाहतुकीला घाटातील चढ अडचणीचा ठरू लागला. त्यामुळे पर्वताच्या पायथ्याशी ५७ किमी लांबीचा गॉटहार्ड तळ बोगदा बांधण्यात आला. १ जून, २०१६ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरपासून लांब पल्ल्याच्या व मालगाड्या त्याकडे वळल्या. जुना बोगदा प्रादेशिक गाड्यांसाठी वापरात राहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये तळ बोगद्यात मालगाडी घसरल्यावर लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या काही काळ पुन्हा याच मार्गाने धावल्या.

स्मारके

शेन-बूर येथे फाव्र यांचा पुतळा आहे. मृत मजुरांच्या स्मरणार्थ शिल्पकार विंचेन्झो वेला यांनी घडवलेले उत्थित शिल्प १९३२ मध्ये आयरोलो येथे बसवण्यात आले.