पडद्यावर गौरव, पदकांविना अखेर

अमेरिकी फुटबॉलवरील चित्रपटांत १९५१ चा ‘जिम थॉर्प - ऑल-अमेरिकन’ आवर्जून आठवतो. बर्ट लँकेस्टरने साकारलेला हा नायक काल्पनिक नव्हता. आजच्या ओक्लाहोमात मूलनिवासी कुटुंबात जन्मलेल्या थॉर्प यांनी कार्लाइलच्या शाळेकडून खेळताना फुटबॉलचे मैदान गाजवले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन व डेकॅथलॉनची सुवर्णपदके पटकावली. मात्र, पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचे उघड होताच १९१३ मध्ये ती हिरावली गेली. १९२० मध्ये स्थापन झालेल्या, पुढे ‘एनएफएल’ नावाने नावारूपाला आलेल्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. पण उतारवयात मजुरी आणि चित्रपटांतील किरकोळ भूमिकांवर त्यांना गुजराण करावी लागली. पडद्यावरील गौरवानंतर दोनच वर्षांत, २८ मार्च १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. पदकांच्या प्रतिकृती १९८३ मध्ये मुलांना मिळाल्या. एकमेव विजेता ही नोंद मात्र २०२२ मध्ये झाली.