विश्लेषण : १२९ ढालकिड्यांनी संत्राबागा कशा वाचवल्या? कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली आजही का महत्त्वाचे?

अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळली आणि पाहता पाहता मक्याच्या शेतांत पसरली. परक्या देशातून आलेल्या किडीला रोखायचे कसे, हा प्रश्न मात्र नवा नाही. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांनी त्याचे जे उत्तर शोधले, त्यावर जैविक कीडनियंत्रणाचे शास्त्र उभे राहिले.

कोण होते रायली?

रायली यांचा जन्म १८४३ मध्ये लंडनमध्ये झाला. शिक्षण फ्रान्स आणि जर्मनीत झाले. चित्रकलेत गती होती, पण विद्यापीठात न जाता वयाच्या सतराव्या वर्षी ते अमेरिकेत गेले आणि इलिनॉयमधील शेतावर राबू लागले. पिकांवरील किडींचे निरीक्षण करण्याचा छंद तिथेच जडला. पुढे शिकागोतील ‘प्रेअरी फार्मर’ या शेतीविषयक नियतकालिकात ते किडींवर लिहू लागले, त्यांची चित्रेही काढू लागले. १८६८ मध्ये मिसुरी राज्याने त्यांना आपले पहिले कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमले. त्यांच्या नऊ वार्षिक अहवालांची दखल चार्ल्स डार्विन यांनीही घेतली.

टोळधाडीतून काय शिकले?

१८७०च्या दशकात रॉकी पर्वताकडून येणाऱ्या टोळांनी अमेरिकेच्या मध्य भागातील पिके फस्त केली. १८७७ मध्ये सरकारने नेमलेल्या कीटक आयोगाचे प्रमुखपद रायली यांच्याकडे आले. टोळांचे मूळ घर कोरड्या, उंच प्रदेशात आहे, पूर्वेकडील दमट सखल भागात ते पिढ्यानपिढ्या टिकत नाहीत, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले. कीड आणि हवामान यांचे नाते समजले की धोका कुठे आणि किती, याचा अंदाज बांधता येतो. अंडी नष्ट करण्यासाठी नांगरट, पिल्ले अडवण्यासाठी चर असे उपायही सुचवले गेले.

फ्रान्सच्या द्राक्षबागांशी संबंध काय?

त्याच सुमारास फ्रान्समधील द्राक्षवेली वाळत होत्या. मुळांवर जगणारी फायलोक्सेरा ही सूक्ष्म कीड अमेरिकेतूनच आली आहे, याची खात्री रायली यांनी १८७१ मध्ये फ्रान्सला जाऊन केली. अमेरिकी वेलींची मुळे मात्र ही कीड सहन करत. त्यामुळे खुंट अमेरिकी आणि त्यावर कलम फ्रेंच वाणाचे, हा मार्ग पुढे आला. फ्रेंच शास्त्रज्ञ प्लांशाँ यांच्यासह अनेकांचा त्यात वाटा होता. महाराष्ट्रातील द्राक्षबागांतही आज डॉगरिजसारख्या अमेरिकी खुंटांवर कलमे बांधली जातात, पण ती मुख्यतः क्षार आणि पाण्याचा ताण सोसण्यासाठी.

कॅलिफोर्नियातील संकट कसे टळले?

ऑस्ट्रेलियातून आलेली, कापसासारखे पांढरे आवरण असलेली खवले कीड १८६८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात आढळली. वीस वर्षांत तिने संत्राबागा संकटात आणल्या. रायली तेव्हा वॉशिंग्टनमध्ये कृषी खात्याचे मुख्य कीटकशास्त्रज्ञ होते. रॉकेल आणि साबणाच्या मिश्रणाची फवारणी, झाडावर तंबू घालून विषारी वायू सोडणे, असे उपाय त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरून पाहिले. कीड पुन्हा पुन्हा परतत होती.

ऑस्ट्रेलियात ही कीड आटोक्यात असेल, तर तिला खाणारा शत्रूही तिथेच असणार, असा रायली यांचा तर्क होता. अडचण पैशांची होती. कीटक विभागाच्या निधीतून परदेश प्रवासाला मनाई होती. अखेर मेलबर्नमधील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या निधीतून १८८८ मध्ये त्यांचे सहकारी अल्बर्ट कोबेले रवाना झाले. रायली यांची मोठी भिस्त एका परोपजीवी माशीवर होती. कोबेले यांना तिच्यासोबत व्हेडालिया हा लाल-काळा ढालकिडाही सापडला. बोटीने आलेले १२९ ढालकिडे लॉस एंजेलिसमध्ये तंबूने झाकलेल्या कीडग्रस्त झाडावर सोडण्यात आले. ते झपाट्याने वाढले आणि वाटले गेले. वर्ष-दीड वर्षात बागा सावरल्या.

वाद आणि अखेर

यशानंतर श्रेयाचा वाद रंगला. बागायतदारांनी कोबेले यांना सोन्याचे घड्याळ भेट दिले, रायली मात्र नाराज झाले. प्रत्येक किडीवर असा रामबाण शत्रू सापडेलच असे नाही, हा त्यांचा इशाराही बागायतदारांना रुचला नाही. १८९४ मध्ये त्यांनी पद सोडले. सप्टेंबर १८९५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सायकलवरून पडून डोक्याला मार लागल्याने वयाच्या ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज धडा कोणता?

१९४०च्या दशकात कॅलिफोर्नियात डीडीटी फवारले गेले, ढालकिडे मेले आणि तीच खवले कीड पुन्हा उसळली. म्हणजे मित्रकीटक सोडणे पुरेसे नाही, ते जगतील अशी फवारणीची शिस्तही हवी. कामगंध सापळे, ड्रोन, मोबाइलवरील कीड सल्ला ही आजची साधने वेगवान आहेत. पण कीड कुठून आली, कोणत्या हवामानात वाढते आणि तिला खाते कोण, या रायली यांच्या तीन प्रश्नांची उत्तरे हाती नसतील, तर महागडे यंत्रही चुकीच्या वेळी चुकीचे औषध फवारेल.