तालमीतला ‘अलबेला’

आमच्या सोनाळ्याकडे कुस्त्यांची आमदंगल म्हटली की म्हातारी माणसंही काठी टेकत आखाड्यापाशी जाऊन बसतात. परवा टीव्हीवर ‘अलबेला’ लागला होता. त्यातला गोलमटोल, नाचरा हिरो बघून मुलं खो-खो हसायला लागली, तेव्हा मामाजींनी त्यांना दटावलं. हा गडी तालमीतला आहे, असं त्यांनी सांगितल्यावर मीही चाट पडले.

भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. जन्म १९१३ चा, आपल्याच वऱ्हाडातल्या अमरावतीचा. वडील गिरणी कामगार. घरची ओढाताण, शिक्षण बेताचं. पण सिनेमाचं आणि कुस्तीचं वेड जबर. त्या कुस्तीपायीच लोक ‘दादा’ म्हणू लागले, ते नाव कायमचं चिकटलं. मजुरी करता करता मूकपटांत किरकोळ कामं मिळाली. मग १९३४ मध्ये ‘हिम्मत-ए-मर्दा’ हा बोलपट आला. त्यात सोबत होत्या ललिता पवार.

१९३८ पासून दहा-अकरा वर्षं दादांनी मारधाडीचे स्टंटपट काढले. पासष्ट हजारांत अख्खा सिनेमा! दिग्दर्शन त्यांचं, कपडे तेच ठरवणार, सगळ्यांच्या जेवणाचंही तेच बघणार. (आपण बायका लग्नघरी हेच करतो, फक्त पाटीवर नाव येत नाही.) मारामारीही स्वतःच करायची. कष्टकरी प्रेक्षक त्यावर बेहद्द खूश असे.

पण १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या सेटवर घडलं ते मन सुन्न करणारं होतं. प्रसंगात दादांनी ललिताबाईंना थप्पड मारायची होती. ती खरीच बसली, आणि तीही तालमीत कमावलेल्या हाताची. बाईंच्या डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याला लकवा झाला. तीन वर्षं उपचार चालले. डोळा बारीक झाला तो झालाच. नायिकेची कामं संपली. हा किस्सा सांगताना दादांना नवखा नट म्हणायची पद्धत आहे. ते मला पटत नाही. तोवर त्यांना पडद्यावर दहा वर्षं होऊन गेली होती. मुद्दाम केलं नाही हे खरं, पण हाताचा अंदाज चुकला आणि किंमत मोजली ती बाईने. त्यांनी मात्र रडत न बसता खाष्ट सासवा रंगवल्या, १९५९ च्या ‘अनाडी’साठी फिल्मफेअर मिळवलं.

दादांची भरभराट पुढेच झाली. चेंबूरला स्टुडिओ, आणि राज कपूरच्या सल्ल्यावरून मारामारी सोडून काढलेला १९५१ चा ‘अलबेला’! गीता बाली नायिका, सी. रामचंद्रांचं संगीत. जुहूला बंगला, दाराशी सात गाड्या. पण ‘झमेला’ काही तसा चालला नाही. बंगला गेला, गाड्या गेल्या. दादा परत चाळीत आले आणि मिळेल ते छोटं काम करू लागले. कधी गर्दीतले पाहुणे, तर कधी नुसते दोन पावलं नाचणारे. ती पावलं पुढे अमिताभने उचलली. ४ फेब्रुवारी २००२ ला दादरच्या राहत्या घरी ते गेले.

सिनेमा संपेपर्यंत आमची मुलं तो नाच शिकलीसुद्धा. ‘रामायण’ मालिकेतल्या मंथरेचा डोळा तसा का, हे मात्र त्यांना मी त्या रात्री सांगितलं.